गोळी तोंडात टाकण्याआधी

या, खुर्ची ओढून घ्या. उद्या तुम्ही दवाखान्यात निघालाय. निपाणीतल्याच, की पंचाहत्तरेक किलोमीटरवरच्या बेळगावला, की उलट्या दिशेने कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाला, ते तुमचं ठरलेलं असेल. डॉक्टर तपासतील, चिठ्ठी लिहितील, मेडिकलमधून औषधं येतील. त्यातल्या प्रत्येक औषधाने काय त्रास होऊ शकतो, हे तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगितलं गेलंच पाहिजे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत हे लिहिलेलं आहे. ते प्रत्यक्षात पदरात कसं पाडून घ्यायचं, ते आज आपण दोघं मिळून एकेक पायरी करत बघू. अवघड काहीच नाही, फक्त क्रम मोडू नका.

साहित्य: एक शंभर पानी वही, एक निळं आणि एक लाल पेन, कापडी पिशवी, जवळचं वाचायचा चष्मा, चार्ज केलेला मोबाईल आणि जमलं तर सोबतीला घरचं एक माणूस.

आदल्या रात्री, घरी

१. घरातली सगळी औषधं टेबलावर काढा. सगळी म्हणजे फ्रिजवरच्या डब्यातली, उशीखालची, कपाटातली, आणि किराणा दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळीसुद्धा. वैद्यांचं चूर्ण, काढा, गावातल्या कुणी दिलेली पुडीही आणा. जपा: ‘ते तर आपलं देशी, त्यात काय’ म्हणून पुडी मागे ठेवू नका. इंग्रजी औषधाबरोबर तिचं जमतं की नाही, हे डॉक्टरांना ती दिसल्याशिवाय कळणार नाही.

२. प्रत्येक औषधाचं नाव वहीत उतरवा. पाकिटावर दोन नावं असतात. मोठ्या, रंगीत अक्षरांत कंपनीने दिलेलं आणि त्याच्या आसपास बारीक अक्षरांत खऱ्या औषधाचं. आपल्याला बारीक हवं. चष्मा लावा, दिवा जवळ ओढा, हवं तर मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचा. जपा: दोन वेगळ्या रंगांच्या पाकिटांवर तेच बारीक नाव दिसलं, तर तुम्ही एकच औषध दोनदा घेताय. पॅरासिटामॉलच्या बाबतीत हे फार होतं. तापाच्या गोळीत असतं, सर्दीच्या गोळीत असतं, आणि जास्त झालं की लिव्हरवर येतं. अशा जोडीला लाल पेनाने गोल करा.

३. पूर्वी कोणतं औषध सोसलं नव्हतं ते लाल पेनाने पहिल्या पानावर लिहा. अंगावर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते, इंजेक्शननंतर घेरी आली होती, जे आठवेल ते. औषधाचं नाव आठवत नसेल तर कोणत्या आजाराला, साधारण कोणत्या वर्षी, एवढं तरी. जपा: हे तोंडी सांगू म्हणून सोडू नका, गर्दीच्या ओपीडीत नेमकं तेच विसरतं.

४. त्याखाली स्वतःबद्दल चार खऱ्या गोष्टी लिहा. दिवस गेलेत का, बाळ अंगावर पितंय का, किडनी किंवा लिव्हरचं दुखणं आहे का, दारू-तंबाखू आहे का. आणि रोजचं काम काय ते. वखारीत दिवसभर तंबाखूच्या धुळीत उभं राहणं, विड्या वळणं, उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर चालवणं, रात्रपाळी, हायवेवर गाडी. गोळीने झोप येणार असेल तर ट्रॅक्टरवाल्याला ते आधी कळायला हवं. एकादशी, संकष्टी, रोजे धरत असाल तर तेही लिहा. मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिलं की साखर एकदम उतरते. जपा: लाजेखातर दारू लपवू नका. ही वही तुमच्या उपचारासाठीच आहे.

५. नव्या पानावर तीन प्रश्न लिहा. सगळ्या कृतीचा जीव याच पायरीत आहे, तेव्हा माझ्याबरोबर लिहा:
ही गोळी कशासाठी आणि किती दिवस?
हिने काय त्रास होऊ शकतो? त्यातला कोणता आपोआप जाईल आणि कोणता झाला तर ताबडतोब यायचं?
तसं झालं तर कुणाला, कोणत्या नंबरवर फोन करायचा?
जपा: प्रश्न वाढवू नका. दहा प्रश्न नेलेत तर एकाचंही धड उत्तर मिळत नाही. तीन प्रश्नांना कोणताही डॉक्टर दोन मिनिटं देऊ शकतो.

६. बेळगाव जिल्ह्यातच जाणार असाल तर खाली या तीन कन्नड ओळी देवनागरीत उतरवा. डॉक्टर बहुधा मराठी समजतात, पण वॉर्डातल्या सिस्टर किंवा काउंटरवरचा मुलगा विजापूर-बागलकोटकडचा असला तर अडतं.
‘ई गुळिगी यातक्री?’ म्हणजे ही गोळी कशासाठी.
‘इदरिंद एन त्रास आगतैत्री?’ म्हणजे हिने काय त्रास होतो.
‘मराठी बरोरु यारर अदारेन्री?’ म्हणजे मराठी येणारं कुणी आहे का.
बघा, त्रासाला तिकडेही त्रासच म्हणतात. तेवढा एक शब्द उच्चारला तरी समोरच्याला कळतं. जपा: उत्तर कन्नडात आलं आणि पुरतं कळलं नाही तर मान डोलवू नका. तिसरी ओळ वाचा आणि माणूस येईपर्यंत थांबा.

७. औषधं, वही, जुने रिपोर्ट पिशवीत भरा. जपा: पिशवी आत्ताच भरा. सकाळी एसटी गाठायच्या घाईत चष्मा हमखास घरी राहतो.

डॉक्टरांसमोर

८. खुर्चीत बसल्या बसल्या वही उघडून डॉक्टरांसमोर ठेवा. चिठ्ठी लिहायच्या आधी. ‘डॉक्टर, घरी चालू असलेली औषधं आणि मला न सोसणारी औषधं इथे लिहिली आहेत’ एवढंच म्हणा. जपा: चिठ्ठी लिहून झाल्यावर, दाराशी पोचल्यावर ‘अहो, एक सांगायचं राहिलं’ असं करू नका. तोवर पुढचा पेशंट आत आलेला असतो.

९. तपासणी झाली की पहिला प्रश्न विचारा. उत्तर लगेच वहीत लिहा, किंवा सोबतच्या माणसाला लिहायला सांगा. जपा: ‘बीपीची गोळी’ एवढ्यावर भागवू नका. दोन-तीन गोळ्या असतील तर कोणती कशाची, हे वेगवेगळं लिहून घ्या.

१०. आता दुसरा प्रश्न विचारा आणि गप्प बसा. गप्प बसायचंच. आपली सवय अशी की, प्रश्न विचारून लगेच ‘म्हणजे काही होणार नाही ना?’ असं आपणच जोडतो, आणि डॉक्टरही ‘नाही, काही नाही’ म्हणून मोकळे होतात. उत्तर त्यांना देऊ द्या.
‘काही होत नाही, बिनधास्त घ्या’ असं उत्तर आलं तर चिडू नका. हसून एवढंच विचारा, ‘ज्यांना होतं, त्यांना बहुतेक काय होतं?’ या एका वाक्याने काम होतं. असा प्रश्न आला की डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर त्यांचेच जुने पेशंट येतात.
आमच्या घरची गोष्ट सांगते. आईला बीपीसाठी अम्लोडिपिन सुरू झालं. महिन्याभरात तिच्या घोट्यांशी सूज. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. वहाणेचा पट्टा रुतायला लागला. तिला वाटलं, किडनी गेली. तिने मीठ सोडलं, पाणी कमी केलं, कुणाला काही न बोलता रात्री पाय उशीवर ठेवून झोपायला लागली. दोन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी पाय बघताक्षणी सांगितलं की ही सूज या गोळीचीच असणार. गोळी बदलली, सूज उतरली. ‘पाय सुजले तर येऊन दाखवा’ हे पाच शब्द पहिल्या दिवशी कुणी सांगितले असते तर तिचे दोन महिने भीतीत गेले नसते. आम्हीही विचारलं नव्हतं. म्हणून ही पायरी मी तुमच्याकडून करून घेणारच.
जपा: भीती वाटते म्हणून हा प्रश्न टाळू नका. त्रास माहीत असला की तो होतो, असं काही नाही. माहीत असला की लवकर ओळखू येतो.

११. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगा. ‘म्हणजे मळमळ झाली तर चालेल, पण डोळे पिवळे झाले तर लगेच यायचं, बरोबर?’ चूक असली तर तिथेच दुरुस्त होते. जपा: आजी-आजोबांबरोबर गेलात तर ही उजळणी त्यांच्या तोंडून करून घ्या. गोळी त्यांच्या पोटात जाणार आहे.

१२. तिसरा प्रश्न विचारून फोन नंबर लिहून घ्या. जपा: रात्री आणि रविवारी उचलला जाणारा नंबर कोणता, हे वेगळं विचारा.

१३. चिठ्ठीवरची नावं वाचता येतात का बघा. येत नसतील तर ‘डॉक्टर, कॅपिटलमध्ये लिहाल का?’ म्हणा. वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत आणि औषधाच्या मूळ नावाने लिहावं, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेतच आहे. तुम्ही जगावेगळं काही मागत नाही. जपा: ‘मेडिकलवाल्याला वाचता येईल’ यावर समाधान मानू नका. घरी ही चिठ्ठी तुम्ही वाचणार आहात.

१४. इंजेक्शन किंवा सलाईन असेल तर सुई टोचण्याआधी नाव विचारा, आणि पहिल्या पानावरची लाल ओळ सिस्टरना दाखवा. जपा: टोचून झाल्यावर लगेच उठून एसटी स्टँड गाठू नका. अर्धा तास तिथेच बाकावर बसा. जोराची रिॲक्शन आली तर बहुधा त्या वेळातच येते.

मेडिकलमध्ये

१५. काउंटरवर फार्मासिस्ट कोण आहेत ते विचारा. नोंदणीचं प्रमाणपत्र दुकानात लावलेलं असतं. औषध देताना त्याचा ठळक त्रास काय, तो झाला तर काय करायचं आणि डोस चुकला तर काय, हे पेशंटला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत ते लिहून ठेवलेलं आहे, हे बहुतेक गिऱ्हाइकांच्या गावीही नसतं. म्हणून इथेही दुसरा प्रश्न विचारा. डॉक्टरांचं आणि यांचं उत्तर जुळलं की निश्चिंत. जपा: गर्दीच्या वेळी नुसता डबे काढून देणारा मुलगा समोर असतो. त्याला विचारून उपयोग नाही, दोन मिनिटं थांबा.

१६. चिठ्ठीवरचं नाव आणि हातात आलेल्या पाकिटावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. मिलिग्रॅमचा आकडाही. जपा: ‘ते नाही, पण हे सेमच आहे’ असं म्हणाले तर बारीक अक्षरांतलं नाव जुळवा, आणि शंका आली तर तिथूनच डॉक्टरांना फोन करा.

१७. सुट्ट्या गोळ्या घेताना स्ट्रिप कुठून कापायची ते तुम्ही सांगा. नाव, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख ज्या टोकाला छापलीय, ते टोक तुमच्याकडे यायला हवं. कात्रीने मधला तुकडा कापून दिला की हातात चार चकचकीत चौकोन राहतात, नाव नाही, तारीख नाही. महिन्याने ते कशाचे, हे देवालाही कळायचं नाही. जपा: टोक मिळणं शक्यच नसेल तर तिथल्या तिथे पूर्ण स्ट्रिपचा फोटो काढून घ्या.

१८. डब्यातला घडीचा कागद मागून घ्या. पातळ, पांढरा, आठ घड्यांचा. दहा स्ट्रिपच्या डब्यात एकच असतो, आणि बऱ्याचदा तो कचऱ्यात जातो. इंग्रजीत असतो, पण ‘साइड इफेक्ट्स’, ‘ॲडव्हर्स रिॲक्शन्स’ किंवा ‘अनडिझायरेबल इफेक्ट्स’ या मथळ्याखालचा भाग शाळेत जाणारी नात वाचून दाखवेल. जपा: त्यात लांबलचक यादी असते, क्वचित होणारे त्रासही असतात. वाचून गोळी फेकू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी त्यात शोधा आणि त्यावर खूण करा. पाकिटावर चौकोनी क्यूआर कोड असला तर तो कंपनी, बॅच, मुदत दाखवतो. त्रासाची माहिती त्यात शोधत बसू नका.

१९. बिल मागा. बॅच नंबरसकट. जपा: ‘बिल कशाला, पाच रुपये कमी करतो’ याला भुलू नका. पुढे काही झालंच तर हे चिठोरं लागतं.

घरी परतल्यावर

२०. वहीत तारीख घालून पहिल्या गोळीची वेळ लिहा. जपा: शक्यतो दोन नवी औषधं एकाच घासाला सुरू करू नका. दिवसा, घरात कुणी असताना पहिला डोस घ्या. डॉक्टरांनी ‘आत्ताच घ्या’ म्हटलं असेल तर अर्थातच आत्ताच.

२१. आता त्रासाचे दोन कप्पे करा. पान मधोमध उभं दुमडा. डावीकडे ‘चालेल, कळवायचं’, उजवीकडे ‘पळायचं’. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यात भरा.
उदाहरणाला टीबीचा कोर्स घेऊ, कारण आपल्या ओळखीत कुणी ना कुणी तो घेतलेला असतो. त्यातल्या रिफाम्पिसिनने लघवी केशरी-लाल होते. घामाला, डोळ्यांतल्या पाण्यालाही तो रंग येतो. पहिल्या सकाळी माणूस घाबरतो, रक्त जातंय म्हणतो आणि गोळ्याच बंद करतो. हा रंग डाव्या कप्प्यात, घाबरायचं काही नाही. आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येतात. तेही डावीकडे, पण पुढच्या भेटीत सांगायचंच, कारण त्यावर जीवनसत्त्वाची गोळी मिळते. डोळे पिवळे, जेवण नकोसं, सारख्या उलट्या हे उजवीकडे, लिव्हरचं लक्षण. एथॅम्ब्युटॉलने नजर धूसर झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखेना, तेही उजवीकडे. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. टीबीसाठी मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-६६६६.
आणखी थोडी, पटापट. रामिप्रिल, एनालाप्रिलने कोरडी ढास लागते, ती डावीकडे. पण ओठ-जीभ सुजली तर उजवीकडे. मेटफॉर्मिनने सुरुवातीला पोट बिघडतं, जेवणाबरोबर घेतलं की सहसा सोसतं. ग्लिमेपिराइडने घाम फुटून हात थरथरले तर आधी साखर तोंडात, मग फोन. डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी शौचाला डांबरासारखं काळं झालं तर उजवीकडे. फिटच्या गोळ्यांनंतर अंगावर पुरळ, तोंडात फोड, सोबत ताप आला तर उजवीकडे, रात्र काढू नका.
जपा: ही माझी यादी डॉक्टरांच्या उत्तराऐवजी वापरू नका. तुमची गोळी, तुमचं वय, तुमची किडनी त्यांना ठाऊक आहे.

२२. पान फ्रिजच्या दाराला चिकटवा. जपा: घरातल्या प्रत्येकाला ते एकदा वाचून दाखवा. घेरी आलेल्या माणसाला स्वतःचं पान वाचता येत नाही.

त्रास झालाच तर

२३. उजव्या कप्प्यातलं काही दिसलं तर १०८ ला फोन करा. श्वास लागणं, चेहरा-जीभ सुजणं, शुद्ध हरपणं, फिट येणं, यातलं काहीही यादीत लिहिलेलं नसलं तरी पळायचंच. १०८ महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतो. जपा: आधी मोठं हॉस्पिटल की आधी बेळगाव की कोल्हापूर, यावर चर्चा करू नका. सगळ्यात जवळचं गाठा, आणि गोळीचं पाकीट सोबत न्या.

२४. डाव्या कप्प्यातलं असेल तर वहीतला नंबर लावा. गोळी सुरू कधी झाली, त्रास सुरू कधी झाला, किती आहे, असं तीन वाक्यांत सांगा. जपा: परस्पर गोळी बंद करू नका. स्टेरॉइड, फिटची आणि काही बीपीच्या गोळ्या एकदम तोडल्या की मूळ दुखणं परवडलं अशी वेळ येते. आणि शेजारच्या काकूंना चालली म्हणून त्यांची गोळी सुरू करू नका.

२५. पुरळ किंवा सूज असेल तर उजेडात फोटो काढा. जपा: दवाखान्यात पोचेपर्यंत गांधी बसून जातात आणि दाखवायला काही उरत नाही.

२६. त्रासाची नोंद सरकारकडे करा. ही पायरी जवळजवळ कुणी करत नाही, आणि मला ती फार जिव्हाळ्याची वाटते. तुम्ही कळवलंत तर पुढच्या माणसाला सावध करता येतं. औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी ठेवणारा देशाचा कार्यक्रम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालतो. मोफत नंबर १८००-१८०-३०२४, सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ५.३०. पेशंट स्वतः किंवा घरचं कुणीही कळवू शकतं, डॉक्टरांची सही लागत नाही. ग्राहकांसाठीचा फॉर्म मराठीत आहे, कन्नडातही आहे. पेशंटचं पूर्ण नाव लागत नाही, आद्याक्षरं पुरतात. वय, औषधाचं नाव, डोस, सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख, त्रास काय झाला आणि कितपत, एवढं विचारतात. सगळं तुमच्या वहीत आहेच. बेळगावात असाल तर बिम्स किंवा जेएनएमसी या वैद्यकीय महाविद्यालयांच्या औषधशास्त्र विभागात जाऊनही चौकशी करता येईल. जपा: ‘डॉक्टर अडचणीत येतील’ म्हणून थांबू नका. ही तक्रार नाही, नोंद आहे. तुमची माहिती गुप्त राहते आणि कुणावर ठपका येत नाही.

२७. ॲडमिट व्हावं लागलं असेल तर कागदपत्रांची नक्कल लेखी मागा. मागणीच्या दिवसापासून ७२ तासांत ती द्यायला हवी. जपा: अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि पोच घ्या. तोंडी मागणीला पोच नसते.

२८. विचारूनही कुणी सांगितलंच नाही, उडवून लावलं, आणि त्यातून नुकसान झालं, तरच तक्रार लिहा. आपल्याकडे लोक इथेच गोंधळतात. तक्रार तुम्ही राहता त्या राज्यात करायची नसते, दवाखाना आहे त्या राज्यात करायची असते. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर, बेळगावातल्या खासगी दवाखान्याची तक्रार बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या नोंदणी व तक्रार निवारण प्राधिकरणाकडे. कागल, गडहिंग्लज, कोल्हापूर, मिरजेतल्या दवाखान्याची महाराष्ट्राच्या यंत्रणेकडे, म्हणजे शहराच्या महापालिकेचा आरोग्य विभाग किंवा जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी. डॉक्टरांच्या वागणुकीबद्दल असेल तर ते ज्या राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे नोंदलेले आहेत, तिथे. पैसे भरून उपचार घेतले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगही आहे, दोन वर्षांच्या आत; तिथे मात्र तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार चालते.
तक्रार मराठीत लिहा. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाणं मांडायला त्या राज्यात वापरली जाणारी कोणतीही भाषा चालते. ‘कन्नडात आणा’ म्हणून कुणी अर्ज परत करायला लागलं तर शांतपणे हे कलम सांगा. कन्नड भाषांतर सोबत जोडलंत तर काम लवकर हलतं, तेव्हा ओळखीचं कुणी असेल तर जरूर जोडा. जपा: अर्जात राग ओतू नका. तारीख, औषध, काय विचारलं, काय उत्तर आलं, काय झालं. एक पान पुरे.

२९. ज्या औषधाने त्रास झाला त्याचं नाव पहिल्या पानावर, लाल पेनाने, जुन्या ओळीखाली लिहा. तारीखही घाला. आणि वही परत त्याच कापडी पिशवीत, पिशवी दारामागच्या खुंटीला.